घरच्या बोलीतला जबाब

आनंदराव रामटेके दुर्गच्या कोर्टात सरकारी वकील झाले तेव्हा बार रूममधल्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती. आवाज बारीक, अंगावरचा काळा कोट उसना आणल्यासारखा सैल, आणि बाप धोंडबा रेल्वेतला गँगमन. गँगमनच्या पोरानं फार तर तिकीट कलेक्टर व्हावं, इतपत औदार्य त्या मंडळींत होतं. पण दोनेक वर्षांत त्यांची तोंडं बंद झाली, कारण आनंदराव एकामागून एक खटले जिंकू लागले, आणि तेही आवाज न चढवता.

त्यांची रीत साधी होती. साक्षीदार आला की त्याला कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली बसवायचं आणि त्याच्या घरात बोलतात त्या बोलीत विचारायचं, जेवलास का? छत्तीसगढी माणसाला ते 'बासी खाए हस का?' म्हणत, नागपूरकडच्याला 'जेवला काय गा?' सरकारी माणसाकडून आजवर शिव्याच ऐकलेला तो बिचारा आपली बोली कानावर पडताच विरघळायचा. मग शेतीवाडी निघायची, लेकीची सोयरीक निघायची, आणि त्याच ओघात जे पोटात ठेवायचं ठरवून आला होता ते ओठांवर यायचं. पोलिसांना लाथाबुक्क्यांनी जे मिळत नसे ते आनंदरावांना एका विडीच्या वेळात मिळे. पुढं जे झालं ते ऐकून त्यांना पहिल्यापासूनचा कावेबाज ठरवायचा मोह होईल, मलाही होतो. पण त्या चिंचेखाली बसलेला माणूस खरोखर प्रेमानंच विचारत असे.

ही बोली त्यांना आयती मिळाली होती. आई भागाबाई गोंदियाकडची. लग्न होऊन दुर्गच्या रेल्वे लाइनीत आली, तिथंच म्हातारी झाली, पण हिंदीचा एक शब्द तिनं जिभेला लागू दिला नाही. भाजीवालीशी भांडायची तेही मराठीत, आणि गंमत म्हणजे भाजीवालीला सगळं कळायचं. सून सत्यभामा नागपूरची शिकलेली. ती हसून म्हणायची, "आत्याबाई, थोडी हिंदी शिका ना." त्यावर म्हातारीचं उत्तर ठरलेलं असे, "मले कावून शिकवून राहिली वो? ज्याले गरज आहे तो शिकन."

आनंदराव वकील झाले ते या बाईच्या भाकरीवर, आणि पुंडलिकच्या खांद्यावर. पुंडलिक शेजारच्याच खोलीतला, बरोबरीचा. आनंदराव नागपूरला वकिली शिकत होते तेव्हा तो दुर्ग स्टेशनात गाड्यांवर माल चढवायचा. भागाबाई पहाटे भाकरी थापायची, फडक्यात डबा बांधायची, आणि पुंडलिक तो नागपूरच्या पॅसेंजरच्या गार्डाकडे देऊन यायचा. गार्ड ओळखीचे, कोणी नाही म्हणत नसे. रेल्वेवाल्यांची लेकरं अशीच शिकली. डबा संध्याकाळी नागपूरला पोचायचा, भाकरी कडक झालेली असायची, पण उपाशी झोपायची वेळ आनंदरावांवर आली नाही. ताप असला तरी पुंडलिक स्टेशनात उभा असायचा.

छप्पन साली दोघं त्याच पॅसेंजरनं नागपूरला गेले. लाखो माणसांत, पांढऱ्या सदऱ्यांत, खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि बाबासाहेबांच्या मागून एकेक प्रतिज्ञा म्हणाले. चोरी करणार नाही. खोटं बोलणार नाही. पुंडलिकला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून परतीच्या गाडीत त्यानं आनंदरावांकडून त्या पुन्हा पुन्हा म्हणून घेतल्या. डोंगरगड येईपर्यंत त्याच्या सगळ्या पाठ झाल्या होत्या. शिकलेल्या माणसाला जे एकदा म्हणून पुरतं, ते पुंडलिकनं जन्मभरासाठी उचललं.

त्याच सुमारास भिलाईचा कारखाना उभा राहू लागला. शेतं गेली, गावं उठली, लाल धुळीचे लोट, रशियन साहेब, पंजाबी ठेकेदार, आणि कामासाठी चहूकडून आलेली माणसं. पुंडलिकला केबलच्या गोदामात खलाशाचं काम मिळालं, म्हणजे अवजड माल उचलणं, चढवणं, उतरवणं. कॅम्प-१ या मजुरांच्या वस्तीत त्यानं दोन खोल्या केल्या आणि बायकोला, रुक्माला, आणलं. आपल्या लोकांनी तिथं टिनाचं विहार उभारलं. आनंदराव दुर्गहून सायकलनं यायचे, तेव्हा गल्लीच्या तोंडापासून 'जयभीम वकीलसाहेब' सुरू व्हायचं ते पुंडलिकच्या दारापर्यंत चालायचं.

कारखाना उभा राहत होता आणि बाजूनं माल पळत होता. तांबं, सळ्या, सिमेंट, जे सुटं सापडेल ते. म्हणून दिल्लीनं भिलाईसकट तिन्ही नव्या सरकारी पोलाद कारखान्यांसाठी एक तपास दल काढलं. दलात पोलीस अधिकारी भरपूर, पण त्यांचा एकही खटला कोर्टात टिकेना. पकडायचे आणि सोडावे लागायचे. तेव्हा कोणाला तरी दुर्गच्या त्या बारीक आवाजाच्या वकिलाची आठवण झाली. साठ साली आनंदरावांना दलात घेतलं, आधी कायद्याचा सल्लागार म्हणून, मग भिलाई शाखेचे अधिकारी म्हणून. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, बंगला मिळाला, जीप मिळाली. भागाबाई बंगल्याच्या मागच्या ओट्यावर चूल मांडून बसली, कारण आतल्या स्वयंपाकघरात तिला कोंडल्यासारखं व्हायचं.

त्रेसष्ट साली ते तांब्याचं प्रकरण उघडकीला आलं. चीनची लढाई नुकतीच आटोपली होती, कारखाना वाढवायचं काम जोरात चालू होतं, आणि केबलच्या गोदामातून तांब्याच्या केबलची रिळंच्या रिळं गायब. माल दिवसाढवळ्या ट्रकनं गेला होता, वर मोडकी लाकडं रचून. ट्रक ओमप्रकाश नावाच्या बड्या ठेकेदाराचे, हे सगळ्या भिलाईला ठाऊक होतं. पण सांगायला कोणी पुढं येईना. गोदामातल्या खलाशांना दलाच्या पोलिसांनी बडवून पाहिलं, सगळ्यांचं एकच उत्तर, "हमको कुछ नहीं मालूम, साहब." भिलाईत तेव्हा कोणत्याही वर्दीला हेच उत्तर मिळायचं. मराठी, तेलुगू, बिहारी, सगळे या एका वाक्यापुरते हिंदीत यायचे.

पुंडलिक त्या गोदामात आहे हे आनंदरावांना माहीत होतं. एका रविवारी ते जीप न घेता सायकलनं कॅम्प-१ ला गेले. पुंडलिक दारात दाढी करत बसला होता.

"जेवला काय गा, पुंडलिक?"

"आता बसतोच आहो. तूही बस. रुक्मा, आनंदरावले ताट वाढ वो."

अंबाडीची भाजी आणि भात होता. जेवणं झाली, सुपारी झाली, स्टेशनच्या जुन्या गोष्टी झाल्या. मग आनंदराव म्हणाले, "त्या तांब्याचं काय झालं ते मले सांग."

पुंडलिकनं मान फिरवली. "मले काय मालूम?"

"माह्याकडे पाह्य. नागपूरले काय म्हटलं होतं आपण? तू माह्या बाजूले उभा होता."

रुक्मा भांडी घासता घासता थांबली. मग पुंडलिक म्हणाला, "तू विचारून राह्यला म्हणून सांगतो. पोलिसानं विचारलं असतं तर मेलो असतो, पन सांगतलं नसतं." आणि त्यानं सगळं सांगितलं. ओमप्रकाशचा मुनशी ट्रक घेऊन यायचा, म्हणायचा मालकाचाच माल आहे, चढव. पहिल्यांदा खरं वाटलं. दुसऱ्यांदा वर लाकडं रचायला लावली तेव्हा उमगलं. एकदा तर ओमप्रकाश स्वतः जीपमध्ये बसून पाहत होता. न चढवावं तर उद्या कामावरून हाकलतील, म्हणून चढवत राहिला. दिवाळीला मुनशीनं धोतर दिलं, ते त्यानं घेतलं. नेसला मात्र नाही, असंच पेटीत पडलं होतं.

"तुले काई होऊ देत नाई," आनंदराव म्हणाले. "माफीचा साक्षीदार करतो तुले. ओमप्रकाश जाईन आत."

"भाऊजी, ह्यायची नोकरी जाईन का जी?" रुक्मानं विचारलं.

"वहिनी, मी आहो ना."

पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे वकिलाला सांगायला नको. म्हणून चार-सहा दिवसांनी त्यांनी पुंडलिकला दुर्गला मॅजिस्ट्रेटसमोर नेलं. आनंदरावांनी त्याला त्याच चिंचेखाली बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "तठी पन आपल्या बोलीतच सांग. जसं मले सांगतलं तसंच." पुंडलिकनं तसंच सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. मॅजिस्ट्रेटनं दोनदा बजावलं की हे तुझ्यावरही उलटू शकतं. पुंडलिकनं आनंदरावांकडे पाहिलं आणि मान हलवली.

इथपर्यंत आनंदराव खरे होते. पुढच्याच आठवड्यात दिल्लीहून एक मोठे साहेब आले. कारखान्याच्या विश्रामगृहात त्यांनी आनंदरावांना जेवायला बोलावलं, तोंड भरून स्तुती केली, आणि फळं कापता कापता म्हणाले की ओमप्रकाशचं नाव या प्रकरणात येऊ नये. कारखाना वाढवायचं निम्मं काम त्याच्याकडे आहे, तो आत गेला तर काम ठप्प होईल, आणि चीन सीमेवर असताना देशाला पोलाद हवं आहे. शिवाय पुरावा तरी काय? मुनशी पसार आहे. उरतो एका अडाणी खलाशाचा शब्द.

"पण सर, मी त्याला माफीचा साक्षीदार करणार होतो."

"कोणाविरुद्ध?" साहेबांनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. माफी मिळवायची तर साक्ष द्यायला आपल्याहून मोठा आरोपी लागतो. मोठा आरोपीच काढून घेतला की माफीचा साक्षीदार उरत नाही, उरतो तो नुसता कबुली दिलेला चोर. कायदा आनंदरावांनी सांगितला असता तर याच शब्दांत सांगितला असता. निघताना साहेब सहज बोलावं तसं बोलले, की दलाच्या प्रमुखाची जागा रिकामी होते आहे, तिन्ही कारखाने त्याच्या हाताखाली येतील, आणि खटला टिकवून दाखवणारा माणूस दिल्लीला हवा आहे.

आनंदराव घरी आले आणि स्वतःशीच वकिली करू लागले. ओमप्रकाशला वगळलेल्या आरोपपत्रावर आपण सही केली नाही तर दुसरा करेल. त्या खुर्चीवर आपल्या समाजातला माणूस आजवर बसलेला नाही. आपण बसलो तर उद्या दहा पुंडलिकांना वाचवता येईल. फार सुंदर युक्तिवाद होते, आणि हरकत घ्यायला समोर कोणी नव्हतं. सत्यभामेनं एकदाच विचारलं, "पुंडलिक भाऊजींचं काय?" त्यांनी सांगितलं की बघू. दोन दिवसांनी आरोपपत्रावर त्यांची सही झाली. त्यात आरोपी तीन, तिघंही खलाशी, आणि पहिलं नाव पुंडलिकचं.

खटला दुर्गलाच चालला. पुंडलिकचा वकील नवखा होता, पण इतकं त्यालाही कळत होतं. तो पुंडलिकला म्हणाला, तू फक्त म्हण की जबाब दबावाखाली दिला, मला तसं सांगायला लावलं. मग खटल्यात दम राहत नाही, सुटशील. बाकीचे दोघं कबूलच झाले नव्हते, ते सुटले. आनंदराव मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी विचारलं, हा जबाब तुझा आहे का? नाकार, लेका, आनंदराव मनात म्हणत होते, नाकार, एकदा खोटं बोल. आपलाच खटला फसावा म्हणून एखादा अधिकारी असा कासावीस झालेला मी दुसरीकडे ऐकला नाही. पण त्यासाठी उठून उभं राहायची हिंमत मात्र त्यांना झाली नाही.

पुंडलिक म्हणाला, "हो, माहाच आहे. कोनी मारलं नाई. आनंदरावनं विचारलं, मी सांगतलं. खोटं कसं बोलू?"

दोन वर्षं सक्तमजुरी. रायपूरच्या जेलला नेताना तो आनंदरावांच्या बाकाजवळून गेला. रागावला नव्हता, गोंधळला होता. एवढंच म्हणाला, "जसं म्हटलं तसंच सांगतलं ना गा मी?"

भागाबाईला हे शेजारणीकडून कळलं. संध्याकाळी आनंदराव ओट्यावर आले तेव्हा तिनं विचारलं आणि त्यांनी तिला कायदा समजावून सांगितला. कलमं, पुरावा, माफीचा साक्षीदार, सगळं, अगदी तिच्या बोलीत. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या घरचा मानूस तू नेला. तठी एक मानूस तरी भरून द्या लागन." सकाळी ती कॅम्प-१ ला रुक्माकडे निघून गेली. दोन लुगडी आणि जुना डबा घेऊन गेली, जीपनं पोचवतो म्हटलं तर बसली नाही. त्यांना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत राग उतरेल.

खटला टिकला, तेव्हा खुर्चीही आली. चौसष्टच्या उन्हाळ्यात आनंदराव रामटेके दलाचे प्रमुख झाले. दुर्गच्या बार रूमनं, त्याच नाकं मुरडणाऱ्या बार रूमनं, हारतुरे घातले. ओमप्रकाशनं मिठाईची टोपली पाठवली. ती त्यांनी परत केली, आणि परत केल्याचं त्यांना दिवसभर समाधान वाटलं. संध्याकाळी त्यांनी जीप काढायला सांगितली. आईला सांगायचं होतं. गँगमन धोंडबाचा पोरगा तिन्ही कारखान्यांवर बसला, हे ऐकून तरी ती निवळेल, असं त्यांना वाटत होतं.

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. विहाराच्या पायरीवर चार माणसं बसली होती, सगळी ओळखीची. आनंदरावांनी हात जोडले, "जयभीम." माणसं उठून उभी राहिली. "नमस्ते, साहब," शालिकराम म्हणाला. याच शालिकरामच्या पोराला त्यांनी पाटी घेऊन दिली होती.

"कसा आहे गा, शालिकराम?"

"ठीक है, साहब."

पुढं हातपंपावर मैनाबाई होती. तिला त्यांनी विचारलं, पाणी येऊन राह्यलं काय बराबर? "आ रहा है, साहब," ती म्हणाली आणि पदर पुढं ओढून घागर अर्धीच घेऊन गेली. घराघरांतून मराठी ऐकू येत होती, चुलीपाशी, भांडणात, लेकरांना हाका मारताना. ते दारासमोर आले की ती थांबायची आणि पुढं गेले की पुन्हा सुरू व्हायची. कोणी उद्धट बोललं नाही, कोणी रस्ता अडवला नाही. उलट इतका मान त्यांना त्या गल्लीत पूर्वी कधी मिळाला नव्हता.

रुक्मा दारात तांदूळ निवडत होती. ती उठून उभी राहिली.

"वहिनी, माय आहे काय घरात?"

"अंदर हैं, साहब," रुक्मा म्हणाली आणि सूप घेऊन बाजूला झाली.

भागाबाई चुलीपुढं बसली होती. वाळली होती. कोनाड्यात तो डबा होता, आता त्यात मीठ ठेवलं होतं. आनंदराव दारातच उकिडवे बसले, लहानपणी बसायचे तसे. खुर्चीची, तिन्ही कारखान्यांची बातमी ते घरून घोकत आले होते. पण जिभेला जे वळण होतं तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"माय, जेवली काय वो?"

म्हातारीचे हात थांबले. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, त्या चिंचेखाली कितीतरी माणसांनी पाहिलं असेल तसं. आणि उभ्या जन्मात जी भाषा तिनं भाजीवालीसाठी वापरली नव्हती, ती शब्दाला शब्द जोडत, अडखळत, रुक्माकडून किंवा गल्लीकडून शिकलेली, तिनं काढली.

"हमको कुछ नै मालूम, साब."

"माय, मी आनंदा आहो. मले कावून असं बोलून राह्यली?"

"हमको कुछ नै मालूम," ती पुन्हा म्हणाली आणि चुलीत काटकी सारली. तव्यावरची भाकर झाली, तिनं ती उतरवली, ताटात घातली, आणि रुक्माला मराठीत हाक मारून जेवायला बोलावलं.